‘एका पेगने कुणी मरत नाही’ म्हणणाऱ्या महाशयांस

गंगापूररोडचा_बाळ्या
काल गटारीच्या नियोजनाच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "लिंबू सोडा घेऊन बसणारे रंगाचा बेरंग करतात. एका पेगने कुणी मरत नाही. घ्यायची नसेल तर घरी बसा." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मागच्या वर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये एसजीपीटी (रक्तातून लिव्हर तपासतात ते) वाढलेलं निघालं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणाले, दारू बंद, वजन कमी. बंद केली. शनिवारी बसणारा माणूस मी, सोडायला त्रास झाला नाही. त्रास झाला तो टेबलावर सांगताना. "आमचे काका ऐंशीचे आहेत, रोज क्वार्टर मारतात." "वहिनींनी दम दिला वाटतं." आणि शेवटी ते "माझ्यासाठी एक घे".

वैतागून एका हळदीच्या पार्टीत थाप मारली, माळ घातली म्हणून. सगळे चिडीचूप! एकाने माझ्यासमोरची चिकनची प्लेट उचलली, दुसरा "माउली" म्हणत मठ्ठा घेऊन आला. पुढे पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या वारीला कधी निघायचं म्हणून फोन यायला लागले, ती पंचाईत वेगळी.

देवासाठी नाही म्हटलं की पाया पडता, लिव्हरसाठी नाही म्हटलं की बुळ्या ठरवता? महिनाभर श्रावण पाळणारी मंडळीही हीच.

अंबडचा_पेगमास्टर
ते महाशय मीच. अर्धंच वाक्य उचललंस. नाही म्हणायला कुणाची ना नाही, पण नाही म्हणून गप्प बसावं ना! तुम्ही मोबाइलमधला रिपोर्ट काढून फिरवता. समोरचा आठवडाभर सेकंड शिफ्ट करून आलेला असतो, त्याला दोन घोट सुखाने घेऊ द्या.

आणि फॅटी लिव्हर दारूनेच होतं असं कोण म्हणालं? माझी बहीण थेंब घेत नाही, तिलाही आहे. तू मिसळीवर किती पाव हाणतोस आणि वर जिलबी, ते डॉक्टरांना सांगितलंस का?

काळा_रस्सा
एवढं काय? रेड वाइन घे, हार्टला चांगली असते. नाशिकमध्ये राहून सोडा पिणं म्हणजे कोकणात राहून मासे न खाणं. आपल्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात.

निफाडचा_बागायतदार
थांबा भाऊ. शेतकऱ्याचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. माझी चार एकर थॉमसन आहे. ती खायची द्राक्षं. वाइनरीवाले शिराझ, चेनिन ब्लां अशा वेगळ्या जाती करारावर लावून घेतात. जिल्ह्यातले बहुतेक बागायतदार माझ्यासारखे, खायच्या द्राक्षांचे. तुम्ही ग्लास रिचवला तर माझ्या बागेला काय मिळतं? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हाही आमचंच नाव पुढे केलं. अवकाळीत घड कुजतात, डाउनी रोग येतो, व्यापारी पैसे बुडवून पळतो, तेव्हा हा कळवळा कुठे असतो? प्यायची तर स्वतःच्या नावावर प्या.

सिडकोची_ताई
मेडिकल चालवते, म्हणून दोन गोष्टी. १५० मिली वाइनमध्ये साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, तीस मिलीच्या पेगमध्ये १० ग्रॅम. ‘नुसती बिअर’वाल्यांची ६५० मिलीची बाटली साध्या पाच टक्क्यांची धरली तरी २५ च्या पुढे जाते. लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. अल्कोहोल कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या, गटात १९८८ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, सुरक्षित असं प्रमाणच नाही.

पेगमास्टर, बहिणीबद्दल बरोबर बोललात, साखर आणि वजनानेही होतं. पण आधीच सुजलेल्या लिव्हरवर दारू ओतायला ते कारण होत नाही. झोपेची गोळी घेणाऱ्यालाही "एकाने काय होतंय" म्हणणारे पाहिलेत, म्हणून चिडते.

आणि बाळ्या, तुम्ही नाही म्हणता तेव्हा कारण विचारतात. मी ऑफिसात होते तेव्हा घेणाऱ्या मैत्रिणीला लोक कारण विचारायचे.

अंबडचा_पेगमास्टर
ताई, मान्य. तुमच्या दुकानात येईन तेव्हा तोंडाला रुमाल बांधून येईन. पण खरी गोष्ट कुणीच बोलत नाहीये. बिल! न पिणारे चखणा संपवतात. मागच्या वेळी एकाने दोन प्लेट पनीर चिली एकट्याने उडवली, वर "मी तर फक्त सोडा घेतला" म्हणून शंभर रुपये ठेवून निघाला.

गंगापूररोडचा_बाळ्या
तो मी नव्हे. माझं उलट आहे. सात जण बसलो, चौघे प्यायले, बिल सातने भागलं. दोन सोडे आणि पापडाचे माझे साडेअकराशे!

काळा_रस्सा
मैत्रीत हिशेब करतो का कुणी?

गंगापूररोडचा_बाळ्या
करत नव्हतो म्हणूनच वर्षभर भरले. आणि रात्री दीड वाजता त्र्यंबक रोडवरून तुम्हा चौघांना एकेकाच्या दारात सोडतं कोण? रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलात तर केस होते, तेव्हा बरा आठवतो सोडेवाला.

अंबडचा_पेगमास्टर
उपकार मोजायला लागलास? तुझ्या घराच्या शिफ्टिंगला दोन दिवस मी सामान उचललं, ते कुठल्या बिलात धरायचं? नको येऊस जा.

निफाडचा_बागायतदार
चखण्यातल्या शेंगदाण्याचा भाव तरी शेतकऱ्याला काय मिळतो...

सिडकोची_ताई
दादा, तुम्ही आता झोपा.

काळा_रस्सा
बरं, तोडगा. दारूचं बिल पिणाऱ्यांत, जेवणाचं सगळ्यांत. सोडणाऱ्याचं पेट्रोल पिणाऱ्यांनी घालायचं. आणि वाइनचं मागे घेतो, बागायतदारांच्या भीतीने.

अंबडचा_पेगमास्टर
पेट्रोल देतो. "एक घे" म्हणणार नाही, शपथ. पण रिपोर्ट टेबलावर आला तर मोबाइल रश्श्यात बुडवीन.

गंगापूररोडचा_बाळ्या
रिपोर्ट घरी ठेवतो. शनिवारी आठला येतो, गाडी माझी.

अंबडचा_पेगमास्टर
ये. पनीर चिली तुझ्यापासून लांब ठेवणार.

गंगापूररोडचा_बाळ्या
सांगितलं ना, तो मी नव्हे!