मॉड्यूल वाचायचं की चालवायचं? बुलेटवाल्यांना उत्तर

खडूस डीएम, मुलुंड
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारख्या टेबलाभोवती बसून गोष्ट रचायच्या खेळांच्या छापील अ‍ॅडव्हेंचरमध्ये (म्हणजे मॉड्यूल, खेळ चालवणाऱ्या डीएमला लागणारं तयार कथानक) लांब परिच्छेद असणं म्हणजे लेखकाचा माज. प्रत्येक खोलीचं वर्णन ठळक शब्द आणि बुलेटमध्येच (ठिपके लावलेल्या तुटक ओळींत) हवं, बाकी सगळं कचरा. खाली +१ ची रांग लागली. उत्तर तिथेच देणार होतो, पण फार लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ओल्ड स्कूल इसेन्शियल्स या खेळाच्या धर्तीवर लिहिलेली एखादी खोली घ्या. ठळक अक्षरात 'ओकचं टेबल', पुढे कंसात 'कुजकं, रक्ताचे डाग'. मग ठळक 'शेकोटी', कंसात 'विझलेली, राख कोमट'. वा. एका नजरेत कळलं. आता खेळाडू विचारणार, राख कोमट कशी? इथे कोण होतं? तो गेला कुठे? ते म्हणे डीएमने रचावं. मग मी पैसे कशाचे मोजले, वाण्याच्या यादीचे?

कर्स ऑफ स्ट्राड या डी अँड डी मोहिमेतला खलनायक, व्हॅम्पायर स्ट्राड, अंगावर येतो तो त्याचा इतिहास सलग वाचल्यामुळे. सख्ख्या भावाचा भावाच्याच लग्नाच्या दिवशी खून, भावाच्या वधूने, तात्यानाने, कठड्यावरून घेतलेली उडी. हे तीन बुलेटमध्ये कोंबता येईल, पण त्यावरून त्याच्या तोंडी एक वाक्यही घालता येणार नाही.

गोरेगावचा गॉब्लिन
उदाहरण तुम्हीच दिलंत, माझं काम हलकं केलंत. त्याच पुस्तकात स्ट्राडचा इतिहास आणि हेतू पहिल्या प्रकरणात, त्याचा किल्ला चौथ्यात, स्टॅटब्लॉक (लढाईला लागणारे त्याचे आकडे) पार मागे परिशिष्टात. त्याच्या स्पेलची (मंत्रांची) फक्त नावं दिलीत, ते करतात काय हे बघायला प्लेयर्स हँडबुक हे नियमांचं पुस्तक उघडा. किल्ल्यातल्या खोल्या के१ ते के८८. खेळाडूंची पार्टी जिन्यात दम खात बसलीय, स्ट्राड अवतरला, की डीएमची बोटं तीन पानांत अडकलेली आणि कोपराखाली दुसरं पुस्तक.

हे ज्यावर बेतलंय ते १९८३ चं मूळ रेव्हनलॉफ्ट ३२ पानांत आटपलं होतं. २०१६ चं कर्स ऑफ स्ट्राड २५६ पानी आहे. मजकूर वाढला याला माझी हरकत नाही, अख्खं खोरं त्यात आलंय. पण आठपट मजकूर रचायची पद्धत तीच जुनी कशी चालेल?

शून्य हिटपॉइंट
गॉब्लिनशी सहमत. माझा राग बॉक्स टेक्स्टवर आहे. एका जाडजूड हार्डबाउंड मोहिमेत (नाव घेत नाही, भक्त धावून येतील) चौकटीतला मजकूर मोठ्याने वाचायचा होता. झुंबर, मखमली पडदे, धुळीत पावलांचे ठसे. मी आवाज बिवाज काढून वाचलं. एकीने पडदा बाजूला केला, दुसरा झुंबराला दोरी बांधायला चढला. इकडे मी पुढचं वाचतोय आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, 'खोलीच्या मध्यभागी एक ओगर उभा आहे.' उभा आहे! दहा फुटी राक्षस झुंबराखाली उभा, आणि चौकटीत पडद्याचा रंग. पुढचं अख्खं सेशन पोरं प्रत्येक दारात विचारत होती, "काका, कुणी उभं नाहीये ना?"

खडूस डीएम, मुलुंड
खोली आधी वाचून बसलं तर ओगर अचानक उगवत नाही.

शून्य हिटपॉइंट
आधी वाचली होती. पंधरा दिवसांपूर्वी, नव्वद खोल्यांबरोबर. नोकरी करतो हो मी.

विरार फास्ट
तुम्ही सगळे टेबलावर पुस्तक पसरून खेळणारे सुखी लोक. माझी खेळाची सगळी तयारी लोकलमध्ये, मोबाइलवर, एका हाताने वर कडी धरून. दोन कॉलमचं पान म्हणजे छळ आहे. झूम करा, खाली जा, परत वर या, उजवीकडे सरका, तेवढ्यात बोरिवलीचा लोंढा आत येतो आणि बोट लागून थेट पान दोनशेवर. स्ट्राडची पीडीएफ तर इतकी जड की नकाशा उघडेपर्यंत दोन स्टेशनं जातात. २०१६ साली मोबाइल नव्हते का यांच्याकडे?

माहीमची मांत्रिक
कुठली पीडीएफ? डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतल्या या पुस्तकाची पीडीएफ कंपनीने विकलेलीच नाही. डी अँड डी बियाँड या कंपनीच्या साइटवर विकत मिळतं, पण ते वेबवर आणि अ‍ॅपमध्ये, दोन कॉलमच्या पानांत नाही. तुमच्याकडे आहे ती कुणीतरी पुस्तक चिरून स्कॅन केलेली प्रत. फुकटात ढापलेल्या फाइलच्या लेआउटला नावं ठेवणं मला झेपलं नाही.

विरार फास्ट
आल्या संस्कृतीरक्षक. बाई, त्या पुस्तकावर छापलेली किंमत ४९.९५ डॉलर आहे. त्यावर इथे पोचायचा खर्च. तेवढ्यात माझे पासाचे कित्येक महिने निघतात. तुमच्याकडे अमेरिकेहून बॅगेत आणून देणारे भाचे असतील, माझ्याकडे नाहीत.

माहीमची मांत्रिक
भाचा नाही, आत्तेबहीण. आणि तिने बॅगेचं वजन भरतं म्हणून माझे लोणच्याचे डबे परत पाठवले, त्याची बोलणी मी अजून खातेय. परवडत नाही हे पटतं. मग फुकट आणि कायदेशीर आहे ते वाचा ना. मर्क बोर्ग या दुसऱ्या खेळाची बेअर बोन्स आवृत्ती प्रकाशकानेच फुकट दिलीय, मूळ पुस्तकातला पिवळा गोंधळ सगळा वगळून, साधा मजकूर. मोबाइलवर मस्त दिसते.

गोरेगावचा गॉब्लिन
मर्क बोर्गचं नाव इथे काढू नका, रात्री डोळे चुरचुरतात.

शून्य हिटपॉइंट
पिवळं असलं तरी टेबलावर शोधायला सोपं आहे ते पुस्तक. नुसतं कव्हर बघून बोलायची सवय सोडा.

विरार फास्ट
चोर म्हणवून घ्यायला इथे आलो नव्हतो. तुमच्यापैकी किती जणांनी कॉलेजात अख्खी पुस्तकं झेरॉक्स करून स्पायरल मारली ते सांगा आधी. मग बोलू.

खडूस डीएम, मुलुंड
(मी मारलीय. पण) धागा भरकटतोय. प्रश्न लेआउटचा होता.

माहीमची मांत्रिक
प्रश्न तोच आहे! ज्या पुस्तकाचे पैसे मोजलेत त्याच्या लेआउटबद्दल मला बोलायचा हक्क आहे, आणि मी बोलणार. माझी प्रत इतकी जाड की पलंगावर उघडी राहत नाही, मध्ये उशी लावावी लागते. आमच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं जमिनीवर बसतात, मधे नकाशा, मी पलंगाच्या कडेला. पानं उलटायला कोपर हलवायलाही जागा नाही. डायनिंग टेबल गृहीत धरून पुस्तकं रचणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं.

मदरशिप या अवकाशातल्या भयखेळाचं 'द हॉन्टिंग ऑफ इप्सिलॉन १४' बघा. घडी घालून तीन भाग केलेला एक कागद, दोन्ही बाजू छापलेल्या. नकाशा, खाणीतली माणसं, तो राक्षस, सगळं त्यात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढली, रिक्षात वाचली, घरी पोचल्या पोचल्या चालवली. लोक किंचाळले.

खडूस डीएम, मुलुंड
एका रात्रीच्या खेळाला एक कागद पुरतो, कोण नाही म्हणतंय. वर्षभर चालणारी मोहीम कागदाच्या घडीत बसवून दाखवा. आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. ही पुस्तकं घेणाऱ्यांपैकी कितीतरी लोक ती कधीच चालवत नाहीत. ग्रुप जमत नाही, कुणाची शिफ्ट, कुणाचं लग्न, कुणी पुण्याला गेला. ते झोपायच्या आधी दहा पानं वाचतात. तेही गिऱ्हाईकच आहेत. त्यांना काय बुलेट वाचायला द्यायच्या?

गोरेगावचा गॉब्लिन
म्हणजे कबूल केलंत की हे पुस्तक चालवायला नाही, वाचायला लिहिलंय. पेढे कधी देताय?

खडूस डीएम, मुलुंड
दोन्हीसाठी लिहावं असं म्हणतोय. वाक्य नीट वाचत जा, तेही परिच्छेदात आहे म्हणून अवघड जात असेल.

गोरेगावचा गॉब्लिन
हा हा. बरं, दोन्हीसाठी तर दोन्हीसाठी. डी अँड डीच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने १९७९ साली 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स'मध्ये गुहेतल्या राक्षसांचे आकडे त्या त्या खोलीतच छापले होते. गद्य होतंच की त्यात, भरपूर होतं. पण लढाई सुरू झाली तर पान उलटावं लागत नव्हतं. आज मात्र नाव ठळक छापतात आणि सांगतात, मॉन्स्टर मॅन्युअल (राक्षसांचं वेगळं पुस्तक) बघा.

खडूस डीएम, मुलुंड
आकडे खोलीतच हवेत. हे मान्य, आणि याचं श्रेय गायगॅक्सला, तुम्हाला नाही. खोलीच्या डोक्यावर एक ओळ द्या, आत कोण आहे आणि तो काय करतोय. शून्य हिटपॉइंटच्या ओगरसाठी खास. त्याखाली माझे परिच्छेद मला हवेत, एकही कापायचा नाही. राख कोमट का आहे ते मला लेखकाकडूनच ऐकायचंय.

शून्य हिटपॉइंट
ओगरच्या वतीने आभार.

विरार फास्ट
बेअर बोन्स उतरवली. एक कॉलम आहे की दोन ते उद्या गाडीत बघतो. दोन निघाले तर मांत्रिकबाई, तुमच्याशी गाठ आहे.