मुलीचा सुळा वर चढलाय. चार दात काढून तारा की अलाइनर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही गेवराईचे. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. वरच्या पटाश्या एकीवर एक चढल्यात आणि डावा सुळा जागाच न मिळाल्यानं हिरडीत उंचावर निघालाय. खाली पण दाटी आहेच. शाळेच्या ओळखपत्रासाठी तिनं ओठ आवळून फोटो काढला, तेव्हापासून घरात हाच विषय चाललाय.

जिथं दाखवलं तिथं वेगळंच ऐकायला मिळालं. गावातले नेहमीचे डॉक्टर म्हणतात, वर आलेला सुळाच काढून टाकू, बाकीचे दात आपोआप रांगेत दिसतील. काम हजाराच्या आत. बीडला तारांचे स्पेशालिस्ट महिन्यातून एकदा येतात. त्यांनी ओपीजी (सगळ्या दातांचा-जबड्याचा एकत्र एक्स-रे) आणि चेहऱ्याचा बाजूनं एक एक्स-रे काढायला लावला, प्लास्टरचा साचा घेतला आणि सांगितलं की वर ८ मिलिमीटर आणि खाली ६ मिलिमीटर जागा कमी पडतेय. वरच्या दोन, खालच्या दोन उपदाढा काढून मेटलच्या तारा, दीड ते दोन वर्षं, ४५ हजार, हप्त्यानं चालेल. संभाजीनगरच्या एका चकाचक क्लिनिकात तोंड स्कॅन करून कॉम्प्युटरवर दात सरळ होतानाचा व्हिडिओ दाखवला. एकही दात काढायचा नाही, अलाइनर म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, १ लाख ६० हजार. आजच बुकिंग केलं तर सूट!

सासूबाईंचं वेगळंच. "चांगले पक्के दात उपटायला निघालात, पुन्हा येणारेत का ते? लेकराचे डोळे अधू होतील."

कापूस अजून घरातच आहे, त्यामुळं पैशाचा विचार करावाच लागतो. पण स्वस्त म्हणून चुकीचं नको आणि महाग म्हणून चांगलं असंही डोक्यात नाही. दात काढणं खरंच टळतं का? सरकारी दंत महाविद्यालयात तारा लावून मिळतात का? कुणी लावल्या असतील तर सांगा.

प्रतिसाद: दंतवैद्य_लातूर

ताई, मी तारांचंच काम करते. रिपोर्ट बघितल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट सांगता येतील.

सुळा काढू देऊ नका. त्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, तो म्हातारपणापर्यंत टिकतो आणि जबड्याच्या वळणावरचा तो खांब आहे. म्हणून जागा करायची तर त्याच्या मागची पहिली उपदाढ काढतात आणि सुळ्याला खाली ओढून तिच्या जागेवर आणतात. वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो, पुढच्या दातांच्या नंतर. तोपर्यंत रांग भरलेली असली की तो बाहेरून चढतो. दोष त्याचा नाही, दाटीचा आहे.

आता चार दातांचं. बीडच्या डॉक्टरांनी मापं काढून आकडा सांगितला, ही चांगली खूण आहे. ३-४ मिलिमीटरची दाटी बहुतेक वेळा दात न काढता सुटते. ८ च्या आसपास गेलं की दात काढायचा विचार करावाच लागतो, शिवाय ओठ किती पुढं आहेत तेही बघतात. चेहरा आधीच चपटा असेल तर आम्हीच दात काढायला कचरतो. म्हणून अलाइनरवाल्यांना एकच विचारा: ही ८ मिलिमीटर जागा तुम्ही कुठून आणणार? जबडा रुंद करून, दाढा मागं सरकवून की दातांच्या कडा घासून? घासून एका फटीत फार तर अर्धा मिलिमीटर मिळतो. उत्तर आकड्यात आलं तर ऐका. पुन्हा व्हिडिओच दाखवला तर चहा घेऊन घरी या. कॉम्प्युटरवर दात कसेही सरकतात, हाडात नाही.

आणि डोळ्यांचं: वरच्या दातांच्या नसा आणि नजरेची नस वेगवेगळ्या आहेत. दात काढल्यानं नजर जात नाही. सासूबाईंना एकदा सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, तुमचं कुणी ऐकणार नाही.

प्रतिसाद: घाटीची_वारी

माझ्या भावाचं संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात झालं. खर्च खासगीच्या मानानं बराच कमी. काम एमडीएस (दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण) करणारे विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्प्यावर मोठे सर किंवा मॅडम येऊन तपासतात. खरं सांगायचं तर त्याची तार खासगीतल्या माझ्या तारेपेक्षा नीट लागली, कारण त्या पोरांना मार्क असतात!

अडचण वेळेची. नंबर लागायला थांबावं लागलं, आणि तपासणीच्या दिवशी सकाळी गेलं की दुपार तिथंच. एमडीएस तीन वर्षांचं असतं, त्यामुळं मधेच डॉक्टर पास होऊन जातात आणि केस ज्युनियरकडं येते. भावाची तशी गेली आणि नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून बघावं लागलं. पहिल्याच दिवशी विचारा, माझी केस कुणाकडं आणि ते कितव्या वर्षाला आहेत. पहिल्या वर्षाचे मिळाले तर उत्तम. एसटीत बायकांना आता अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जाण्यायेण्याचा भार तेवढा नाही.

धागाकर्ती

खूप आभार. एक सांगायचं राहिलं. तिच्या पुढच्या दातांवर पांढरे-पिवळसर पट्टे आहेत. आमच्या मळ्यात बोअरचं पाणी, लहानपणी ती तेच प्यायली. यानं तारांना काही अडचण येईल का? आणि आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी. ती बंद करावी लागेल?

प्रतिसाद: किनवटवाला

आमच्याकडं किनवट भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड, दातांवर डाग घरोघरी. माझ्या तारा लावल्यावर पहिल्याच महिन्यात दोन बटणं (तार धरायला दातावर चिकटवतात ती) निघाली. डॉक्टर म्हणाले, डागाच्या दातावर गोंद नीट धरत नाही. परत बसवली, टिकली. फार मोठं काही नाही, पण आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद: दंतवैद्य_लातूर

बरोबर. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराईडनं डाग पडलेल्या दातांवर बटण चिकटवायच्या आधी आम्ही आम्ल थोडं जास्त वेळ ठेवतो किंवा पृष्ठभाग हलका घासून घेतो. ताई, पाणी आता तरी तपासून घ्या, धाकटी भावंडं असतील तर नक्कीच. डागांचा इलाज तारा निघाल्यावर.

भाकरी बंद नाही. ताजी, मऊ भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून खुशाल खा. पापुद्रा कडक झालेली शिळी भाकरी, भाजलेले हरभरे, चिक्की, ऊस सोलून खाणं आणि कणसाला थेट चावा घेणं एवढं टाळा. हुरडा चालतो, पण तो तारेत जाऊन बसतो, नंतर छोट्या ब्रशनं बटणाच्या वर-खाली साफ करावं लागतं. मी सगळ्यात जास्त भांडते ते याच्यावरून. तारा निघाल्यावर काहींच्या दातांवर बटणाच्या भोवती पांढरे डाग राहतात, ते ब्रश न केल्याचे असतात. सुरुवातीला आणि नंतर दर वेळी तार बदलली की तीन-चार दिवस दात ठणकतील. तेव्हा खिचडी, आणि बटण गालाला टोचत असेल तर त्यावर मेण.

प्रतिसाद: बिनतारेचा_नांदेडकर

मी अलाइनर वापरले, पटाश्यांत थोडी फट होती, छान काम झालं. पण माझं वय ३४. दिवसातले २०-२२ तास घालायचे असतात आणि चहाला काढावे लागतात. गरम चहानं ट्रे वाकतो, डागही पडतो. आपल्याकडं दिवसाला पाच चहा! लग्नाच्या पंगतीत आमच्या ऑफिसातल्या एकीनं ट्रे कागदात गुंडाळून ठेवला, तो पत्रावळीबरोबर गेला. आठवीतल्या लेकराकडून ही शिस्त होईल का ते तुम्हीच ठरवा. तार तोंडात असते, ती विसरता येत नाही.

आणि घरबसल्या साचा पाठवा, कुरिअरनं ट्रे येतील, असल्या जाहिरातींच्या मागं लागू नका. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा कित्येक पेशंट अर्ध्या उपचारात लटकले.

प्रतिसाद: घाटीची_वारी

एक राहिलंच. तारा निघाल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर मिळतो, तो घालत राहायचा. भावानं पहिलं वर्षभर नीट घातला, मग सोडला, खालच्या पटाश्या परत तिरक्या झाल्या. पैसे ठरवताना रिटेनर धरूनच ठरवा, बरेच लोक वेगळे घेतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सुळा काढायचा नाही हे पक्कं झालं, आणि अलाइनर आत्ता नको असं तिचे पप्पा पण म्हणतायत. सोमवारी एक्स-रे आणि प्लास्टरचा साचा घेऊन सरकारी महाविद्यालयात दाखवतो. तिथं नंबर लवकर लागला तर तिथं, नाहीतर बीडला ४५ हजारात, रिटेनर धरून द्या म्हणून बोलणी करू. सासूबाई सोबत येतायत. केसपेपर काढायला सकाळी किती वाजता रांगेत उभं राहावं, कुणी सांगेल का?