मदत हवी आहे: ग्रीक बोलण्यातला भर कानाला कशावरून कळतो?

नमस्कार मंडळी. आधुनिक ग्रीकच्या सुरावळीवर, म्हणजे बोलतानाच्या सुराच्या चढउतारावर, प्रबंध लिहिते आहे. 'इ मारिया अगोरासे मिला' (मारियाने सफरचंदं घेतली) यात मारियावर भर दिला, की सूर तिच्या नावातल्या आघाती (जोराने उच्चारल्या जाणाऱ्या) अक्षरातच शिखर गाठतो आणि पुढचं वाक्य जवळजवळ सपाट होतं. भर नसेल तर शिखर उशिरा, पुढच्या अक्षरात येतं. हे उशिरा येणारं शिखर अर्वानिती, लॅड आणि मेनेन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं.

अडलंय ते ऐकणाऱ्याच्या बाजूने. त्याला भर जाणवतो तो शिखराच्या उंचीमुळे, वेळेमुळे की नंतरच्या सपाटीमुळे? मला सपाटीच निर्णायक वाटते. 'प्रात' (Praat) या आवाजाचं विश्लेषण आणि फेरफार करणाऱ्या संगणक-प्रणालीत या तिन्ही गोष्टी सुट्या बदलून श्रवणचाचणी कुणी घेतली आहे का? आवाज कृत्रिम न वाटता हे कसं जमवायचं, कृपया सांगा.