चौकीदार भाऊंचं मुंबईचं तिकीट

(नागपुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

सचिव, ए-१०२ : नमस्कार मंडळी. आपल्या रात्रपाळीच्या चौकीदार भाऊंच्या मिसेसना इथल्या डॉक्टरांनी मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दाखवायला सांगितलं आहे. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची तारीख मिळाली. इलाजाचं योजनेतून होईल म्हणतात, पण जायचं-यायचं, राहायचं, खायचं याला पैसे नाहीत. फ्लॅटमागे ५०० रुपये जमवू या का? ४८ फ्लॅट आहेत, २४,००० होतात.

बी-२०१ : मान्य.

सी-३०२ : मान्य. क्यूआर टाका.

डी-४०४ : (रिपोर्टचा फोटो)

बी-३०३ ताई : दादा, तो फोटो काढून टाका प्लीज. त्यांची पोरगी आपल्याच गल्लीतल्या शाळेत जाते. तिच्या आईच्या आजाराचे कागद शंभर मोबाइलमध्ये कशाला?

डी-४०४ : सॉरी ताई. लोकांना खरं वाटावं म्हणून टाकला होता.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

ए-४०२ : सचिव काका, मी तिकीट काढून देतो. थर्ड एसी तत्काळ १० वाजता उघडतं, स्लीपर ११ ला. दोघांचं येण्याजाण्याचं माझ्याकडून.

सी-१०१ काका : थांब बाबू. तत्काळ काढू नको.

सी-१०१ काका : मी ३१ वर्षं बुकिंग खिडकीच्या आत बसून राहिलो. मन मोठं आहे तुझं, पण तत्काळात कुठलीच सवलत लागत नाही. आणि कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये मूळ भाडं पूर्ण माफ आहे. १०० टक्के. सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के.

सी-३०२ : काका, ते बंद झालं ना कोरोनात? माझ्या बाबांचं सीनियरचं पण बंद झालं.

सी-१०१ काका : हाच घोळ आहे. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत गेली, ती आलीच नाही. त्यामुळं लोकांना वाटते सगळंच गेलं. दिव्यांग, विद्यार्थी आणि पेशंट यांच्या सवलती तेव्हाही सुरू होत्या, आताही आहेत. पेशंटच्या ११ प्रकारांत आहेत. कॅन्सर, किडनी, हार्ट सर्जरी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, टीबी, सिकलसेल...

सी-१०१ काका : कोणाला किती ते वेगवेगळं आहे. डायलिसिस किंवा हार्ट सर्जरीसाठी जाणाऱ्याला स्लीपर, थर्ड एसीत ७५ टक्के. सिकलसेलला ५०. सेकंड एसीत कॅन्सरवाल्यालाही ५०च मिळते, म्हणून थर्ड एसी किंवा स्लीपरच घ्या.

ए-४०२ : मग आयआरसीटीसीवर ऑप्शन असेल ना?

सी-१०१ काका : नाही रे. खिडकीवरच जावं लागते. रेल्वेचा ठरलेला नमुना फॉर्म असतो, त्यावर कुठून कुठे जायचं ते लिहून दवाखान्याच्या डॉक्टरची सही आणि शिक्का. तो फॉर्म आधी, तिकीट नंतर. अर्ध्या लोकांचं इथेच उलटं होते. ऑनलाइन पूर्ण भाडं भरून बसतात आणि मग मला विचारतात, काका, रिफंड मिळेल का? आता काय सांगू.

सी-१०१ काका : आणि "फुकट" म्हणजे अगदी शून्य नाही हां. रिझर्व्हेशनचे आणि सुपरफास्टचे पैसे लागतात. स्लीपरला २० आणि ३०. चौकीदार भाऊंना तेवढं सांगून ठेवा, नाहीतर खिडकीवर पैसे मागितले की बिचारे घाबरून परत यायचे.

बी-३०३ ताई : काका, हे मला २०२२ मध्ये कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्या बहिणीला घेऊन मी मुंबईच्या चार खेपा केल्या, चारही पूर्ण भाड्याच्या. पाचव्या वेळी शेजारच्या बर्थवरच्या बाईनं विचारलं, "तुम्ही फॉर्म नाही भरत का?" परत येऊन इथल्या दवाखान्यात विचारलं तर क्लार्कनं टेबलाच्या खणातून गठ्ठा काढला. मी म्हटलं, अहो, आधी का नाही दिला? तर म्हणे, "तुम्ही मागितला नाही."

सी-३०२ : बापरे.

बी-३०३ ताई : त्या दिवशी रडू आलं नाही, हसूच आलं. असो. परतीचा फॉर्म टाटातून घ्या, तिथे मेडिकल सोशल वर्करचा विभाग आहे. राहायचंही त्यांनाच विचारा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे गर्दी असते, पेशंटचे कागद दाखवावे लागतात. जागा मिळेपर्यंत दोन-तीन दिवसांचे पैसे हाताशी ठेवायचे.

डी-२०१ : मुंबई कशाला पण? आपल्याकडे जामठ्याला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, तुकडोजी चौकात आहे. एवढ्या दूर नेऊन त्रासच.

सचिव, ए-१०२ : भाऊ, इथल्याच डॉक्टरांनी पाठवलं आहे. एकदा तिथे मत घ्यायचं, बाकी इलाज इथेच होईल असं म्हणतात. आपण ग्रुपवर डॉक्टर नको होऊ या.

डी-४०४ : तसं बघायला गेलं तर भाऊंनी आधी स्वतःचा तंबाखूचा खर्रा सोडला पाहिजे. महिन्याचे किती पैसे...

सचिव, ए-१०२ : भाऊ, आता नको. नंतर बोलू.

सी-३०३ वहिनी : मी दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काम करते म्हणून एक सांगते, सहसा कोणी विचारत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पेशंट भरती झाला तर त्या पॅकेजमध्येच पेशंटला घरी जायचं एकवेळचं भाडं धरलेलं असते, एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं. सुट्टी देतानाच मागायचं. दवाखान्यात योजनेचा माणूस बसतो, आरोग्यमित्र, त्याला विचारा, नाही तर १५५३८८ वर फोन करा.

बी-३०३ ताई : हे मलाही माहीत नव्हतं!

सी-३०३ वहिनी : फक्त परत जायचं बरं का, यायचं नाही. आणि भरती न होता नुसतं दाखवून आलं तर हे लागत नाही.

ए-३०१ : पोरांना कोण सांभाळणार आहे?

सचिव, ए-१०२ : भाऊंची आई येऊन राहिली पवनीहून. ७७ वर्षांच्या आहेत. एसटीचं तिकीट तरी नाही, ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून मोफतच आहे.

ए-३०१ : आणि मी अजून आईचं पूर्ण तिकीट काढतो. ७६ ची आहे ती.

सी-१०१ काका : काढ मग, महामंडळाला हातभार.

बी-१०२ : एक विचारतो. मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. घरातून दवाखाना, दवाखान्यातून घर, ऑटोचे पैसे रोजचे लागतात. त्याला काही मिळते का?

सी-३०३ वहिनी : काका, खरं सांगू? शहरातल्या ऑटोला कोणी देत नाही. मेडिक्लेमवाले अॅम्ब्युलन्सचे थोडेफार देतात, तेही भरती झालं तर. डायलिसिस, सिकलसेलवाल्यांना एसटीत मोफत आहे, पण एसटी काही आपल्या गेटवरून दवाखान्यात नेत नाही.

बी-१०२ : म्हणजे मुंबईला गेलो तर सवलत, मेडिकल चौकात गेलो तर नाही.

बी-३०३ ताई : काका, मंगळवारी आणि गुरुवारी मी सकाळी तिकडूनच ऑफिसला जाते. जायचं माझ्यासोबत. यायचं कोणी बघा रे.

ए-४०२ : शनिवारचं येणं माझ्याकडे.

सी-१०१ काका : आता मुद्द्यावर येतो. वर्गणी जमवाच, पण तिकिटासाठी नका जमवू. तिकिटाचं मी बघतो. उद्या भाऊंना घेऊन दवाखान्यातून फॉर्म आणतो आणि मंगळवारी सकाळी स्टेशनच्या खिडकीवर जातो. विदर्भ एक्सप्रेस नाही तर सेवाग्राम, जी मिळेल ती. सेवाग्राम इथूनच सुटते, पेशंटला चढायला आरामात जमते.

सी-१०१ काका : खरा खर्च वेगळाच आहे. भाऊ आठ दिवस नसले की ठेकेदार आठ रात्री कापेल. घरभाडं, किराणा त्यातच येते. ते कोणत्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

सी-३०२ : हे डोक्यातच आलं नव्हतं.

सचिव, ए-१०२ : मग असं करू. ५०० तसेच राहू द्या. आधी आठ रात्रींचा पगार भाऊंच्या घरी, उरलेले मुंबईच्या राहण्या-जेवणाला. हिशोब ग्रुपवर टाकीन, भाऊंचं नाव आणि आजार न लिहिता.

डी-४०४ : माझे १०००. आणि रात्री गेटवर पहिले दोन दिवस मी बसतो, मला तशीही झोप येत नाही.

सचिव, ए-१०२ : आलं. काका, उद्या किती वाजता निघता?

सी-१०१ काका : साडेआठला. ओपीडीची चिठ्ठी काढायला लाइन असते. भाऊंना म्हणा, आधार, रेशनकार्ड आणि जुनी फाइल पिशवीत घ्या, दोन-दोन झेरॉक्स काढून. आणि नाश्ता करून या म्हणा, तिथे वेळ लागते.

ए-४०२ : काका, मी कारनं सोडतो दोघांना. पावणेनऊला क्लास आहे माझा, त्याच बाजूला.

सी-१०१ काका : मग सव्वाआठला खाली ये. उशीर नको करू.