अनुभव धागा : ‘माय मॅन गॉडफ्री’ पाहताना आपल्याला काय आठवले?

ग्रेगरी ला काव्हा यांचा ‘माय मॅन गॉडफ्री’ हा विनोदी अमेरिकन चित्रपट १९३६ साली, महामंदीच्या काळात आला. न्यू यॉर्कच्या श्रीमंतांच्या एका खेळात टाकाऊ वस्तू शोधून आणायच्या असतात आणि त्या यादीत ‘विसरलेला माणूस’ही असतो. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३२च्या रेडिओ भाषणात नाडलेल्या अमेरिकनांसाठी हेच शब्द वापरले होते. आयरीन बुलक (कॅरोल लोम्बार्ड) नदीकाठच्या उकिरड्यावरून गॉडफ्रीला (विल्यम पॉवेल) उचलून आणते आणि घरी बटलर म्हणून ठेवते. तो बॉस्टनच्या धनाढ्य घराण्यातला आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. हा चित्रपट पाहताना आपल्या आयुष्यातले काय जागे झाले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त हॉटेल कर्मचारी, ठाणे

मी एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट विभागात नोकरी केली. पॉवेल ट्रे घेऊन आत येतो, तेव्हा खोलीतल्या माणसांचा नूर आधी जोखतो आणि मगच पुढे सरकतो. आमच्या कामातले हे पहिले कौशल्य कोणी शिकवत नाही. मला मात्र मॉली ही मोलकरीण (जीन डिक्सन) अधिक जवळची वाटली. या घरात बटलर टिकत नाहीत, हे ती त्याला पहिल्याच सकाळी सांगते. आयरीनप्रमाणे तिचाही गॉडफ्रीवर जीव आहे, पण चित्रपट त्याला दोन-चार क्षणांपलीकडे जागा देत नाही, हे मला आजही खुपते.

गिरणी कामगाराची मुलगी, लालबाग

माझे वडील साचेखात्यात होते. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला आणि त्यानंतर ते गिरणीत परतले नाहीत, म्हणून उकिरड्यावरची ती माणसे दिसली की मला हसू येत नाही. गॉडफ्री आपला जुना मित्र टॉमी याला तिथे नेतो आणि त्यांतल्या एका बँकरची ओळख करून देतो. बँक बुडाल्यावर ठेवीदारांना झळ लागू नये म्हणून या माणसाने स्वतःजवळचे सारे देऊन टाकलेले असते. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे लोक सल्ल्याला येत, ते संपानंतर भाजीची गाडी लावून उभे राहिले, तेव्हा ओळखीची माणसे रस्ता बदलून जाऊ लागली.

शेवटी गॉडफ्री त्याच जागी ‘द डंप’ नावाचा नाइटक्लब काढतो आणि तिथल्या माणसांना काम व हिवाळ्यात आसरा देतो. गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मॉल आणि पब मी पाहिले आहेत, आणि कामगारांची मुले त्यांच्या दारावर पहारा करतानाही पाहिली आहेत. माझा भाऊ त्यांपैकीच एक. ज्याला नोकरी मिळाली, त्याला जमिनीत वाटा का नाही, हा प्रश्न तो शेवट पाहताना मला सोडत नाही. तरीही एका विनोदी चित्रपटाने त्या माणसांना नाव आणि पूर्वायुष्य दिले, याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

शिक्षक, नाशिक

लालबागच्या ताईंचा प्रश्न रास्त आहे. गॉडफ्री श्रीमंत निघतो, ही तडजोड आहे असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. चहापानाच्या वेळी टॉमी त्याला ओळखतो आणि सारवासारव करताना सांगतो की हा पूर्वी आपल्याकडेच बटलर होता, शिवाय त्याला बायको आणि पाच मुले आहेत. ते पडताळून पाहावे असे कोणाच्याही मनात येत नाही. आयरीन तर दुखावून भलत्याशीच लग्न जाहीर करते. माझी आई स्वयंपाकाची कामे करायची. एका घरी तिने आजींना पोथी अर्थासह वाचून दाखवली, तेव्हा “बाई, तुम्हाला वाचता येतं?” असा प्रश्न आला. तोवर कित्येक वर्षे ती त्या घरात रोज जात होती.

न्यू जर्सी

पॉवेल आणि लोम्बार्ड यांचा घटस्फोट १९३३ सालीच झाला होता, आणि तरी आयरीनसाठी पॉवेल यांनी तिचाच आग्रह धरला. माझ्या घटस्फोटानंतर मी हा चित्रपट पाहिला आणि त्या दोघांमधला सहज विश्वास पाहून मला फार धीर आला. ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी रंगवलेली आवृत्ती टाळून कृष्णधवल आणि स्वच्छ प्रत शोधावी. श्रेयनामावली नदीकाठच्या इमारतींवरील निऑन पाट्यांच्या रूपात येते आणि कॅमेरा त्या झगमगाटावरून सरकत थेट उकिरड्यावर येऊन थांबतो. खराब प्रतीत ते अंतर दिसतच नाही.