पास्टर अंकलांचा सत्कार: सगळ्यांनी मत द्या

सचिव: नमस्कार. आपले पास्टर अंकल महिनाअखेरीस चर्चच्या सेवेतून निवृत्त होताहेत. तीस वर्षं वास्कोत काढली. सोसायटीतर्फे सत्कार करूया. रविवारी सकाळी, गच्चीवर?

ए-१०४: रविवारी सकाळी त्यांची उपासना असते. शनिवार संध्याकाळ ठेवा. आणि पत्रिकेत ‘फादर’ नको. ते कॅथलिक नव्हेत, बाप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. त्यांच्यात पास्टर म्हणतात.

बी-३०२: एकाच चर्चमध्ये तीस वर्षं? आमच्या वाड्यावरच्या फादरांची तर बदली होत असते.

ए-१०४: बाप्टिस्टांत वर बिशप नसतो. चर्चची मंडळी, म्हणजे सभासदच, पास्टर निवडतात. म्हणजे इतकी वर्षं लोकांनीच त्यांना धरून ठेवलं. गोदीतले, नेव्हीतले, ओडिशाचे, नागालँडचे, सगळे घरापासून लांब आलेले. कुणाचं मयत असो की बाळंतपण, पहिले अंकल पोचतात.

सी-२०१ काकू: २०२० च्या जूनमध्ये कोरोनामुळे वास्कोतला मांगूर हिल कंटेनमेंट झोन झाला तेव्हा माझी नणंद आत अडकलेली. इन्सुलिन बॅरिकेडपर्यंत पोचवलं ते अंकलांनी. पुढच्या मे महिन्यात आमचे हे इस्पितळात होते, मुलगा जहाजावर. रात्रभर अंकल बाहेर बाकावर बसून होते. ‘प्रार्थना केली तर चालेल ना?’ असं आधी विचारलं. मी म्हटलं, करा. त्यांनी डोळे मिटले, मी मंगेशाला हात जोडले. हे मला त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचंय.

बी-४०१ सर: जरूर सांगा. मीही बोलेन. मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) बंगालमधल्या सेरामपूरहून छापणारे विल्यम कॅरी बाप्टिस्टच होते. आपले अंकल तेलुगू मुलखातले, मराठी वाचायला माझ्याकडे शिकले. आज बायनातल्या म्हाताऱ्यांना बँकेचे, पेन्शनचे कागद वाचून दाखवतात.

खजिनदार: शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. बजेट सांगा.

डी-१०१: शाल ठीक. ओवाळणं, कुंकू त्यांना चालेल का ते आंटींना आधी विचारा. त्यांच्या मंडळीलाही बोलवूया.

सी-२०१ काकू: सन्मानचिन्ह राहू दे. त्यांचा फ्लॅट चर्चने भाड्याने घेतलाय. नवीन पास्टर आले की तो त्यांना द्यावा लागणार. अंकलांना पेन्शन नाही. ते जाणार कुठे, हे कुणी विचारलंय का?

सचिव: नाही, काकू. आजच विचारतो.

ए-१०४: बी-१०३ बंदच असतो. मालक दुबईत, ओळखीचे आहेत. बोलतो.

ए-१०४: बोललो. अंकल म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. त्यांची मुलगी दहावीला अंकलांकडेच गणित शिकली. भाडं निम्मं घेतील. तळमजला आहे, आंटींच्या गुडघ्यांना बरं.

खजिनदार: डिपॉझिट वर्गणीतून भरू. ज्यांना जमेल त्यांनी रात्रीपर्यंत मला कळवा.

सी-२०१ काकू: देव बरें करूं. पंखे, नळ बघून घ्या. भिंतींना ओल आहे, रंगकाम आधी करून घ्यावं लागेल.

सचिव: शनिवारी सहा वाजता, गच्चीवर. रंगारी उद्या येतोय.