धावत्या गाडीत पासपोर्ट तपासणी: सोलापूरकरांनो, आपले अनुभव लिहा

सोलापुरातल्या कितीतरी घरांतली पोरं आता परदेशात आहेत आणि आई-वडील त्यांच्याकडे जाऊन-येऊन असतात. विमानतळावर काय विचारतात ते सगळ्यांना पाठ आहे. पण रात्री डब्यात येऊन कुणी कागद मागेल, हे आधी कुणीच सांगत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये टीसीला आधार दाखवलं की काम झालं, ती आपली सवय. म्हणून विचारते: कुठली गाडी, काय विचारलं, कुठला कागद चालला?

माझ्यापासून सुरुवात. न्यूयॉर्कहून शिकागोला रात्रीच्या गाडीने निघालो होतो, मी आणि आमचे हे. कॅनडाच्या सीमेजवळच्या रॉचेस्टरला हिरव्या गणवेशातले दोघे चढले. गाडी कॅनडात जातच नाही, मग तपासणी कसली? मुलाने नंतर सांगितलं, की ते अमेरिकेच्या सीमा-गस्तीचे लोक; सीमेपासून १०० मैलांपर्यंत त्यांना असं विचारता येतं आणि १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपले कागद जवळ बाळगायचेच असतात. ह्यांना त्या दोघांचा उच्चार कळेना. मी गळ्यातल्या पिशवीतून दोन्ही पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची, प्रिंट काढली. बॅटरीचा उजेड आधी व्हिसाच्या पानावर, मग ह्यांच्या तोंडावर. दोन मिनिटांत परत दिलं. पण पुढच्या रांगेतल्या गोऱ्या जोडप्याला उठवलंसुद्धा नाही, ते मनाला लागलं. अजून लागतं.

साखर पेठेतून
टॉवेलच्या धंद्यापायी कोलकात्याहून मैत्री एक्स्प्रेसने बांगलादेशात ढाक्याला जायचो. २००८ साली गाडी सुरू झाली तेव्हा सीमेवर आपल्या बाजूच्या गेदे स्टेशनावर सगळं सामान घेऊन उतरायचं, शिक्के मारून परत चढायचं, पलीकडे दर्शना नावाच्या स्टेशनावर पुन्हा तेच. नमुन्यांचे गठ्ठे उचलून खांदे भरून यायचे. नोव्हेंबर २०१७ पासून हे सगळं कोलकाता स्टेशनावर आणि ढाका कॅन्टोन्मेंटलाच उरकायला लागले, तेव्हा कुठे मधली उतरचढ सुटली. म्हाताऱ्या माणसांना केवढा आराम पडला!

विजापूर रोडवरून
लेक म्युनिकला असते. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गहून परतताना जर्मन हद्दीतल्या फ्राइलासिंगला पोलीस डब्यात आले. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या त्या एका व्हिसाच्या देशांत, आपसांतली सीमा उघडी असं आपण धरून चालतो, पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. मोबाइलमधला फोटो नको, मूळ पासपोर्ट दाखवा म्हणाले. लेकीकडे रहिवासी कार्ड होतं, तरी तिलाही पासपोर्ट मागितला. बोलणं मात्र अदबीचं होतं.

जुळे सोलापूर
लंडन-पॅरिस गाडीत हा प्रश्नच येत नाही. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच, गाडीत बसायच्या आधी. वेळ हातात ठेवून जा.

होटगी रोड
काकू, आई-बाबा अमेरिकेला निघालेत. ते आय-९४ इथूनच काढून द्यायचं का?

(धागाकर्ती)
नाही गं, तिथे उतरल्यावरच निघतं. सरकारी संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक घातला की फुकट मिळतं. पैसे मागणाऱ्या साइटकडे बघायचंसुद्धा नाही. दोघांच्या वेगवेगळ्या प्रिंट काढ आणि ज्याची त्याच्याजवळ दे. बाबा बाथरूमला गेलेले असतात आणि कागद सगळे त्यांच्या खिशात, असं होऊ देऊ नकोस. मोठ्या बॅगेत तर मुळीच नको. आणि मुलाचा पत्ता-फोन इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या पर्समध्ये ठेव.